पुष्पलताचं बिनशब्दांचं गाणं

बेसा, नागपूर
मंगळवार

आदरणीय नत्थूभाऊ यांना त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रामटेकला धान कापणीला आलं असेल. वहिनींचं लोणचं संपलं (बरणी परत करायची राहिली आहे, लक्षात आहे). आम्ही दोघं तब्येतीनं ठणठणीत. अब्रूचं तेवढं सांगवत नाही, म्हणून हे पत्र.

शाळेतून रिटायर झाल्यापासून पुष्पलता सदर भागात मयुरा मॅडमकडे पाश्चात्त्य गाणं शिकते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (मॅडम सव्वीस वर्षांच्या आहेत, पण त्यांच्यापुढे मीही उभा राहून बोलतो.) त्या पियानो वाजवतात, ही गाते, तबला नाही, पेटी नाही. दोन जर्मन कवितांचे शब्द हिनं देवनागरीत वहीत उतरवले आणि दोन महिने रोज भाजी निवडत मी तिचं पाठांतर घेतलं. आता मलाच ते सगळं पाठ आहे, अर्थ सोडून. कॉलेजात असताना ती स्टेजवर शब्द विसरून रडत उतरली होती, ते तुम्ही पाहिलेलं आहे. त्यानंतर चाळीस वर्षं ती चारचौघांत गायली नाही. म्हणून शनिवारी कार्यक्रमाला निघताना तिनं माझा हात धरला. "मी अटकली तर सांगजा मले. लाजू नका."

मला पियानोजवळच खुर्ची दिली होती. पहिलं गाणं सुरेख झालं, एक शब्द चुकला नाही. दुसरं सुरू झालं, पुष्पलतानं तोंड उघडलं आणि नुसतं "आ". मी वाट पाहिली. पुन्हा "आ", जरा वरचा. (मुद्दाम शब्दांवाचून केलेलीही गाणी असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! पाठांतर नसल्यामुळे हे गाणं ती मॅडमकडेच घोटत असे.) मी हळूच वहीतल्या दुसऱ्या कवितेची पहिली ओळ सांगितली. तिनं डोळे वटारले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, मोठ्यानं सांगितली. तरी "आ"च. शेवटी मी वही घेऊन उभा राहिलो आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तसा खणखणीत ओरडलो, "माइन लीबर वाल्ड!" दीडशे माणसं माझ्याकडे पाहत होती. तेव्हा तिनं सूर न सोडता माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला दाबून खाली बसवलं आणि हात तिथंच ठेवून गाणं पुरं केलं. नत्थूभाऊ, लग्नाच्या एकतीस वर्षांत मी हा आवाज ऐकला नव्हता. कळलं काहीच नाही, पण चष्मा पुसावा लागला. लोक उठून टाळ्या वाजवत होते. (एक बाई मला म्हणाल्या, नवऱ्याची भूमिका तुम्ही फार छान केली.)

ऑटोत मी मान खाली घालून विचारलं, "चिडली काय वं?"

"चिडू काहून? तुमची घाबरलेली सूरत पाहून माही भीतीच पळाली," ती म्हणाली, आणि घर येईस्तोवर हसत राहिली.

आपला
मधुकर

ता. क. खरं काम असं, की चौदा डिसेंबरला पुन्हा कार्यक्रम आहे आणि तिन्ही गाणी बिनशब्दांची. मी त्या दिवशी गावात नसावं, असा मॅडमचा गोड शब्दांत निरोप आहे. तेव्हा रामटेकला काहीतरी तातडीचं काढून मला बोलावून घ्या. पुष्पलताला कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. वरचा मजकूर पुष्पलतानं वाचला. मी त्या खुर्चीत नसलो तर ती गाणार नाही म्हणते, आणि तसं मॅडमना फोन करून सांगूनही मोकळी झाली. तरी मला बोलावणं रद्द समजावं. तुम्हीच सकाळच्या बसनं या आणि कार्यक्रम संपेस्तोवर मला धरून बसा.