विमानाभोवतीची फेरी कोणाची?

ती. स्व. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार नाइलाजाचा आहे. ताईचे यजमान म्हणून घालतोय. एरवी आज तुम्हाला नमस्कार घालायची माझी अजिबात इच्छा नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.) तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेता ना? आजची घेतली नसेल तर आधी उठा, घ्या आणि मग पुढचं वाचा, कारण हे पत्र वाचून ब्लडप्रेशर वाढणार आहे आणि ते थोडं वाढावं असं मलाही वाटतंय. ताईला पत्र दाखवायची काही गरज नाही. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. मला माझ्या बेसवरून हाकलायला निघालेत आणि त्याला कारण तुम्ही आहात.

हा बेस मला कसा मिळाला ते तुम्ही रिटायर झाल्यावर विसरला असाल, म्हणून सांगतो. दर वर्षी कंपनी विचारायची, कुठून उडायला आवडेल? मी दर वर्षी पहिल्या पसंतीला हेच शहर लिहायचो, कारण घर इथे, बायको इथे, लेक इथे. आणि दर वर्षी माझ्यापेक्षा सीनियर असलेला कुणीतरी, ज्याला इथलं कुत्रंही ओळखत नाही, केवळ इथली हवा मानवते म्हणून हा बेस उचलायचा. आठ वर्षं, भाऊजी! आठ वर्षं मी तिकडे जुन्या बेसवर त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली, पाच पायलट आणि तीन पलंग. ज्याचं विमान उडालं त्याच्या पलंगावर आपण आडवं व्हायचं. कधी कधी गादी गरमच असायची. (फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावलेली असायची, तरी संपायचं ते माझंच दही.) लेक सायकल शिकली ती मी फोनवर बघितली, तीही आडवी, कारण बायकोनं फोन उलटा धरला होता. शेवटी यंदा नंबर लागला. कॅप्टन म्हणून, स्वतःच्या गावात, घरापासून विमानतळ एवढा जवळ की गच्चीवरून धावपट्टीचे दिवे दिसतात. फक्त पहिले तीन महिने कच्चे. ते झाले की इथले साहेब सही करणार आणि बेस पक्का. पुढच्या आठवड्यात तीन महिने पुरे होतात, आणि साहेबांनी पेनाला हात लावायला नकार दिलाय.

आता इथली माणसं काय वाट्टेल ते करतात ते ऐका. आपल्या जुन्या बेसवर कॅप्टन क्रू-रूममध्ये आला, की कुणीतरी त्याच्यापुढे चहा ठेवायचं. ठेवायचं की नाही? ठेवायचंच. पहिल्या दिवशी मी इथे ऐटीत जाऊन बसलो. समोर माझी को-पायलट, बाजूला केबिनच्या मुख्य बाई (या बाईंपुढे साहेबही दबकून बोलतात), मागे त्यांच्या तिघी मुली. कोपऱ्यात किटली, कप, साखर, सगळा संसार मांडलेला. मी चहाची वाट बघतोय. त्या माझ्याकडे बघतायत. मी घड्याळ बघितलं, त्यांनीही घड्याळ बघितलं. मी किटलीकडे बघून जरा खाकरलो, तर सगळ्यांचे चेहरे खुलले. मग मी पेपर उघडला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. शेवटी तसेच उठलो आणि कोरड्या घशानं विमान उडवलं. पुढे कळलं की इथे चहा कॅप्टननं करायचा असतो! सगळ्यांसाठी! आणि प्रत्येकाची साखर लक्षात ठेवायची असते! अरे, मी काय विमान चालवायला आलोय की टपरी?

बरं, चहाचं एक वेळ सोडा. (सोडलेलं नाही, पण पत्र लांबेल.) उड्डाणाआधी इथे सगळे गोल करून उभे राहतात आणि आज मनात कसली काळजी आहे ते प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं. आपल्याकडे कॅप्टन 'चला' म्हणायचा आणि लोक चालायला लागायचे, संपलं ब्रीफिंग. इथे एका मुलीनं सांगितलं की तिची दाढ दुखतेय. दुसरीला मागच्या दाराच्या कडीचा भरवसा वाटत नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, काही नाही. तर गोल हलेचना! मुख्य बाई शांतपणे म्हणाल्या, 'सर, आम्ही थांबतो.' आणि खरंच थांबल्या हो! खाली बस उभी, प्रवासी चढायला आलेले, आणि हे सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी कावून मी म्हटलं, मला भूक लागलीय. तेव्हा कुठे बाईंनी मान डोलावली आणि गोल सुटला. विमानात प्रवाशांच्या आधी माझ्यापुढे ताट आलं, ते मी रागारागात पूर्ण संपवलं.

आता मुद्द्यावर येतो. मी तुमच्या हाताखाली पहिल्यांदा उडालो तो दिवस मला लख्ख आठवतो. विमानाभोवती फिरून चाकं, पंख, नळ्या डोळ्यांनी तपासायचं काम खरं तर माझं, को-पायलटचं. पण तुम्ही न बोलता टॉर्च उचललीत आणि खाली उतरलात. मी म्हटलं, सर, मी जातो ना. तुम्ही म्हणालात, 'तू बस. कॅप्टननं आपलं विमान आपण बघावं.' माझ्या अंगावर काटा आला होता, भाऊजी. पुढे दोन वर्षं तुम्ही हा नेम चुकवला नाहीत. पावसात गेलात, रणरणत्या उन्हात गेलात, तापात गेलात. (कित्येकदा मी भर वाक्यात असायचो आणि तुम्ही निघालेले असायचात, इतकी तुमची निष्ठा.) मी तेव्हाच ठरवलं, कॅप्टन झालो की असाच होईन. जुन्या बेसवर कॅप्टन झाल्यावर तसाच वागलो, तिथे कुणी हरकत घेतली नाही. आपलं काम दुसरं कुणी करतंय म्हटल्यावर को-पायलट कशाला बोलतील?

इथे मात्र आग लागली. पहिल्याच दिवशी, चहा न पिता, मी टॉर्च घेऊन उजवीकडून निघालो. मला काय माहीत की माझी को-पायलट (हिला सगळे 'काटकोन' म्हणतात, कारण बाई उभी राहते ती सरळ आणि बोलते तीही सरळ) डावीकडून आधीच निघालीय? मी वर बघत चालतोय, ती वर बघत चालतेय. शेपटीखाली आमची डोकी अशी आपटली की खाली सामान चढवणारे दोघे हातातल्या बॅगा टाकून धावत आले. कपाळ चोळत ती म्हणाली, 'सर, माझ्याकडून काही राहिलं का?' मी म्हटलं, छे छे, मी आपला बघतोय. झालं! तिनं टॉर्च विझवली, माझ्या हातात दिली आणि वर जाऊन बसली. त्यानंतर नियमाच्या पुस्तकात जेवढे शब्द बोलायला सांगितलेत तेवढेच बोलली. मी हवेबद्दल बोललो, माझ्या जुन्या फ्लॅटबद्दल बोललो, दह्याचा किस्सा सांगितला. तिनं उंचीचा आकडा वाचून दाखवला. उतरल्यावर कळलं, इथे ही फेरी को-पायलटचीच, आणि कॅप्टन मागून गेला तर त्याचा अर्थ एकच, माझा तुझ्यावर विश्वास नाही. मुस्काटात मारल्यासारखंच म्हणे. चार दिवसांत ही गोष्ट सगळ्या बेसवर झाली. तरी मी माझा नेम सोडला नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होतात!

मग परवाचा प्रकार. परवा माझ्यासोबत दुसरा को-पायलट होता, मिशीवाला. सकाळी निघताना मी बायकोला शब्द दिला होता की आज काही वाद घालणार नाही, इथल्या रीतीनं वागेन. म्हणून मी गपगुमान खुर्चीत बसून राहिलो, म्हटलं जाऊ दे यालाच. आणि मिशीवाल्याच्या कानावर सगळं गेलेलं, त्यामुळे तोही हाताची घडी घालून बसला, म्हटलं जातील हे. दोघेही मोठ्या मनानं बसलेले! दारं लागली, प्रवासी पट्टे बांधून तयार, आणि खालचा मेकॅनिक अचानक नाकासमोर येऊन हातवारे करायला लागला. त्याच्या हातात लाल कव्हर होतं, विमान उभं असताना वेग मोजायच्या नळीवर घालतात ते, हातभर पट्टी लोंबणारं. फेरी मारणाऱ्याला ते न दिसायला आंधळंच असावं लागतं. आणि फेरी कुणी मारलीच नव्हती. तसेच उडालो असतो तर वेगाचा काटा शून्यावर बसला असता. त्यानं ते कव्हर असं फडकवलं की खिडकीजवळच्या प्रत्येक प्रवाशानं बघितलं. मग आम्ही दोघे उतरलो आणि एकामागून एक, विमानाभोवती फेरी मारून आलो. एका आजोबांनी खिडकीतून आमचा फोटोही काढला.

साहेबांनी बोलावलं. त्यांची खोली एवढी लहान की दार लावायला मला खुर्चीसकट पुढे सरकावं लागलं. ते म्हणाले, सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्या को-पायलटांची माफी मागा आणि इथल्या रीतीनं चाला, नाहीतर तुमच्या जुन्या बेसवर एक जागा रिकामी आहे. म्हणजे परत तीच गरम गादी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माफी? मी? कशाबद्दल? विमान नीट बघितलं म्हणून? जीव गेला तरी माफी मागणार नाही, हे मी घरी येऊन मोठ्यानं सांगितलं. (लेक अभ्यास करत होती, ती उठून आत गेली. बायकोनं भाजीचा गॅस बंद केला, म्हणजे तिला पटलं असावं.) आठ वर्षांनी घर मिळालंय, भाऊजी. रात्री लेक कुशीवर वळते त्याचा आवाज मला भिंतीपलीकडून येतो. तो सोडून मी कुठेही जाणार नाही, आणि माफीही मागणार नाही, आणि यातून वाट काढायची जबाबदारी तुमची आहे, कारण खड्डा तुम्ही खणलाय.

ताईला नमस्कार. तुमच्यावर अजूनही रागावलेला,

तुमचा मेहुणा

ता. क. साहेब एके काळी तुमचे को-पायलट होते असं कळलं. सोमवारच्या आत त्यांना एक फोन करा. एवढंच सांगा, की कॅप्टननं आपलं विमान आपण बघावं, हे तुम्ही आयुष्यभर पाळलेलं तत्त्व आहे. तुमच्या शब्दाला ते मान देतील.

ता. क. दुसरा. माझं नाव सांगू नका. म्हणजे सांगा, पण मी सांगायला सांगितलं असं सांगू नका.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझं आहे, भाऊजी. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं होतं.)

नमस्कार. पत्र मी वाचलं. ताईंशी काल माझं फोनवर बोलणं झालं. मी विचारलं, ह्या फेरीचं खरं काय आहे हो? तर ताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसकाच लागला. म्हणाल्या, कसलं तत्त्व आणि कसलं काय, ह्यांची बडबड ऐकून तुमचं डोकं उठायचं आणि तेवढीच दहा मिनिटं शांतता मिळायची म्हणून तुम्ही खाली जायचात. तापात गेलात तेही त्यासाठीच.

इथे घरीही ह्यांच्या फेऱ्या चालू आहेत. मी कुलूप लावलं की हे ओढून बघतात. मी मीठ घातलं की हे विचारतात. लेकीनं दप्तर भरलं की हे सगळं बाहेर काढून पुन्हा भरतात. परवा ती दप्तर न भरताच झोपली. मी रागावले तर म्हणाली, आई, मी कशाला बघू, बाबा बघतीलच. आणि दुसऱ्या दिवशी हे पहाटेच उडाले. पोर रिकामं दप्तर घेऊन शाळेत गेली आणि तिथे रडली. हे अजून ह्यांना सांगितलेलं नाही.

भाऊजी, मला हे घरी हवे आहेत. वैतागते मी, पण हवे आहेत. आठ वर्षं मी एकटीनं दार लावलंय, मला पुन्हा तसं लावायचं नाही. म्हणून हात जोडून सांगते, साहेबांना फोन करू नका, ह्यांना करा. सोमवारच्या आत करा. आणि फेरी मारायला तुम्ही का जायचात ते खरं खरं सांगा. फार लागेल त्यांना, दोन दिवस जेवणार नाहीत. पण तुमचं ऐकतील, माफी मागतील, आणि इथेच राहतील.

पाकीट मीच टपालात टाकून येते. ह्यांच्या हातात दिलं तर नीट चिकटलंय का ते उघडून बघतील.