वाळवलेले गवत झटकून रद्दी केल्याबद्दल श्रेयांक दिल्याबाबत

दि. ९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. उच्च शिक्षण अधिकारी,
विभागीय कार्यालय, नाशिक.

विषय : संशोधनाचे नमुने नष्ट करणे हे 'कौशल्य' ठरवल्याविरुद्ध तक्रार व मुदतवाढीची विनंती.

संदर्भ : महाविद्यालयाची दि. १८ ऑगस्टची सूचना, 'खोली क्र. १४ कौशल्य कक्षासाठी रिकामी करणे'.

महोदय,

१. अर्जदार हर्षाली पुंजाराम ठोंबरे, मूळ राहणार ता. चांदवड, हल्ली इंदिरानगर, ही वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करीत असून चांदवडच्या डोंगरांवरील गवते हा तिचा विषय आहे. तीन पावसाळे डोंगर तुडवून तिने ४१२ नमुने गोळा केले व वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवले. प्रत्येक घडीत ठिकाण, तारीख व तिचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती. परीक्षक आधी नमुने पाहतात, मग प्रबंध वाचतात. प्रबंध ३१ डिसेंबरपूर्वी द्यायचा आहे.

२. अर्जदार पोळ्यासाठी दोन दिवस गावी गेली असता कौशल्य समन्वयक प्रा. योगेश सर यांनी खोली क्र. १४ मध्ये ठेवलेल्या या घड्या जुनी वर्तमानपत्रे समजून रद्दीत काढल्या. 'कार्यालय व्यवस्थापन' शिकणाऱ्या ३८ विद्यार्थ्यांकडून हे काम प्रात्यक्षिक म्हणून करून घेण्यात आले. रद्दीवाला कचऱ्यासकट कागद घेत नाही, म्हणून मुलांना प्रत्येक घडी उघडून नीट झटकायला शिकवले गेले. मुलांनी ती मन लावून झटकली. चिठ्ठ्या एकानेही वाचल्या नाहीत. याबद्दल प्रत्येकास दोन श्रेयांक मिळाले आहेत.

३. अर्जदाराने प्राचार्यांची भेट घेतली. ते म्हणाले, "मॅडम, गवतावर नोकरी लागते का? परत गोळा करा की. नाशकात गवताला काय तोटा आहे?" वास्तविक त्यातील एक गवत अर्जदारास एकाच उतारावर मिळाले होते, आणि तो उतार गेल्या वर्षी एका हॉटेलच्या पार्किंगसाठी सपाट झाला. हे सांगितल्यावर साहेबांनी इंटरनेटवरून फोटो काढून चिकटवण्याचा सल्ला दिला. पीएच.डी. मिळवलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून अर्जदारास शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

४. अर्जदार कौशल्याच्या विरोधात आहे असा कृपया समज नसावा. तिचा धाकटा भाऊ दीपक आयटीआय करून अंबडच्या कारखान्यात फिटर आहे, आणि त्याच्या हाताला त्याच्या उस्तादाने दोन वर्षे वळण लावले आहे. तो नवीन कौशल्य कक्ष पाहायला आला होता. तेथे एक आरसा, सहा टाय आणि 'आत्मविश्वासाने हसा' असा फलक आहे. तो म्हणाला, "ताई, इथं शिकवतंय कोण?" विद्वान घडवायचे की कारागीर, यावर महाविद्यालयात तीन चर्चासत्रे झाली. प्रत्यक्षात दोन्ही बंद आहेत, आणि टाय बांधणे चालू आहे.

५. सर्वांत किळस येण्यासारखी बाब अशी की, गावाहून परतल्यावर काही न कळता अर्जदाराने रिकामी मांडणी बाहेर काढायला हात लावला, म्हणून तिलाही 'उत्कृष्ट सहभाग' असे प्रमाणपत्र देण्यात आले. अहवालात तिचे नाव एकोणचाळिसावे आहे.

६. पंचवटीत फुले विकणाऱ्या फुलाबाई यांचा ३० ऑगस्ट रोजी फोन आला. पुडी बांधायला घेतलेल्या रद्दीत एक घडी चिकटलेली निघाली. त्या म्हणाल्या, "बाई, आसलं गवत आमच्या बांधाला बी हाय. पण चिठ्ठी लावलीय म्हंजी कोनाच्या तरी कामाचं आसंल, म्हनून फेकलं नाय." ते साधे कुसळी गवत आहे. ४१२ पैकी एवढेच परत आले. फुलाबाई शाळेत गेलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना श्रेयांक देता येणार नाहीत याची अर्जदारास कल्पना आहे.

७. तरी प्रबंधास एक वर्षाची मुदतवाढ मिळावी, सदर श्रेयांक रद्द व्हावेत, व अर्जदाराचे नाव त्या यादीतून काढावे. निर्णय या महिन्यात व्हावा. दिवाळीपर्यंत गवताचे तुरे झडतात, मग ओळख पटत नाही. अर्जदार रविवारपासून पुन्हा डोंगरावर जात आहे.

न्यायाची अपेक्षा असलेली व तूर्त अतिशय संतापलेली,

(सही)
हर्षाली पुंजाराम ठोंबरे

सोबत :
१. 'उत्कृष्ट सहभाग' प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत पाठवू नये.
२. नमुना क्र. ३०७ (कुसळी) चे छायाचित्र. मूळ नमुना अर्जदार आता कोणत्याही कार्यालयात देणार नाही.