सोबतीचा रकाना

प्रिय दादा,

आयुष्यभर मी माणसांसमोर बोलत आले. तुला पत्र लिहायची वेळ मात्र कधी आली नाही. निरवांगीत तोंड उघडलं तर इंदापुरात ऐकू जाईल असा माझा आवाज, असं तूच मला चिडवायचास. मग पत्र कशाला? आज लिहितेय, कारण परवा वहिनीनं तुझी ती लांबडी वही माझ्या हातात दिली, आणि तिच्या शेवटच्या पानावर तू मला एक काम सांगून ठेवलेलं सापडलं. पाच महिने ते पान कपाटात पडून होतं. अरे, फोनवर सांगायचंस ना!

सांगितलं होतंस म्हणा. मीच ऐकलं नाही.

तुझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात, तुझ्याच स्टुलावर बसलेय. तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास अजून तसाच आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या शेजारी तू चिकटवलेलं ते हिरव्या तोंडाच्या हडळीचं पोस्टर. किती वेळा म्हटलं असेन, "दादा, ते काढ, लोक काय म्हणतील?" तू म्हणायचास, "दोघं शांत हायत. तूच तेवढी भांडतीस."

आठवतं तुला, पहिला भुताचा सिनेमा आपण भर दुपारी बघितला होता? इंदापूरचा आठवडी बाजार, मी सातवीत, तू दहावी नापास. आईला सांगितलं, वायर आणायला जातो. आणि गेलो व्हिडिओच्या पत्र्याच्या खोलीत. खाली पोती अंथरलेली, खिडक्यांना घोंगडी टांगलेली, आणि घोंगडीच्या भोकातून उन्हाची एक तिरीप नेमकी भुताच्या तोंडावर. सगळे ओरडत होते. तू मात्र माझ्या कानाशी लागून म्हणालास, "मंगे, भुताच्या हातात घड्याळ बघ." खरंच घड्याळ होतं! त्या दिवशी तू पहिली नोंद लिहिलीस. आज पुन्हा वाचली: "भुताच्या मनगटावर घड्याळ. तरी दोन तास उशिरा आलं."

तिथून तुझा नाद सुरू झाला. मोठे, गाजलेले सिनेमे तू बघायचाच नाहीस. ज्यांचं नाव कुणी ऐकलं नाही, जे एका आठवड्यात उतरले, जे कुणीतरी घरदार गोळा करून, सासऱ्याच्या गोठ्यात शूटिंग करून काढले, ते तुझे. मी विचारलं, "एवढे चांगले सिनेमे जगात पडलेत, तू हा कचरा का बघतोस?" तू पान्ह्याचं तोंड पुसत म्हणालास, "चांगल्याला बघणारी लई हायत. ज्याला कुणी बघत न्हाय, त्याचं कुणी बघायचं?"

त्या वाक्यावर मी पुढं तीन भाषणं दिली. वेगळ्या विषयावर. तुझं नाव न घेता!

तुझी परीक्षणं आज सलग वाचत बसले आणि एकटीच हसत होते. "हडळीचे पाय उलटे, स्लिपर सुलटी." "ह्याच सांगाड्याला आधीच्या दोन सिनेमांत बघितलंय. करंगळी न्हाय त्याला. बिचारा कामावरून सुटतच न्हाय." "वटवाघळाची दोरी दिसती. पर दोरी धरणारा माणूस मन लावून हालवतो, त्याचे आभार." असं कोण लिहितं रे? मी एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या समीक्षकांची नावं व्यासपीठावरून घेतली, पण दोरी हलवणाऱ्याचे आभार मानणारा समीक्षक मला कुठं भेटला नाही.

आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला तो तुझा रकाना. सोबत किती?

तारे-बिरे तुला मान्य नव्हते. सिनेमा बघून एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि दोन्हीकडच्या उसातून दिवस मावळताना घरापर्यंत चालायचं. ते चालणं हीच तुझी परीक्षा. एकट्यानं चालता आलं, तर सोबत शून्य, सिनेमा पडला. एक माणूस बरोबर लागलं तर एक. फार तर तीन. मी विचारलं होतं, "चार का नाही?" "चौघं झाली की ते भ्या ऱ्हात न्हाय मंगे, ती वरात होती."

मला त्या वाटेवर सोबत नको असायची. मी हायस्कूलला जायला लागले तेव्हापासून फाट्यावर उतरले की दप्तर छातीशी धरून तरातरा निघायचे. तू बांधावर बसलेला असायचास. मागून हाक यायची, "थांब गं, सोबत येतो." मी वळून बघायचीसुद्धा नाही. "मला नको सोबत! मी भीत नाही कुणाला!" तू वीस पावलं मागून यायचास, चपला फटफट वाजवत. मुद्दाम वाजवायचास ना? मागं आहेस हे मला कळावं म्हणून? हे मला विचारायचं राहून गेलं.

आता त्या दिवसाबद्दल लिहायलाच हवं.

बारामतीचं सभागृह. अंधश्रद्धेवर माझं भाषण. तोवर तू परीक्षणं मोबाईलवर बोलून लोकांना पाठवायला लागला होतास, आणि आसपासच्या गावांतून माणसं 'बबनतात्या' म्हणून तुला ऐकत होती. तू तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आणि मी भाषणाच्या भरात मोबाईल वर धरून म्हणाले, "आपल्या आजोबांच्या पिढीनं अंगारे-धुपारे उंबऱ्याबाहेर फेकले. आणि माझा सख्खा भाऊ मोबाईलमधून भुतं परत घरात आणतोय! घरापासून सुरुवात करायची हिंमत माझ्यात आहे!" टाळ्या काय पडल्या! लोक वळून वळून तुला बघत होते. तूही टाळी वाजवलीस, दादा. मी वरून पाहिलं.

नंतर बारामतीच्या एसटी स्टँडवर तू माझी पिशवी धरून उभा होतास. दोन ग्लास उसाचा रस घेतलास.

"टाळी झकास पडली," तू म्हणालास.

"चिडलास?"

"न्हाय. पर एक सांग. पुस्तक न वाचता बोलणाऱ्याला तू स्टेजवरनं सोलतीस. माझा एक तरी सिनेमा तू शेवटपर्यंत बघितलास का?"

"त्यात बघायचंय काय? भुतं!"

"भ्या वाटणं येगळं आन् भुतावर इस्वास ठेवणं येगळं. ज्यानं एकदा दोरी बघितली, तो मांत्रिकाच्या दारात कशाला जाईल?"

तुझ्या हातातली पिशवी मी ओढून घेतली. मी म्हणाले, "बस लागली, चल."

त्यानंतर तू परीक्षणं बोलायचं थांबवलंस. वहिनी सांगते, आठ महिने वही कपाटात होती. लोकांनी विचारलं तर म्हणायचास, "दुकानात लोड हाय." भांडला असतास तर बरं झालं असतं रे! भांडणात मी तुला हरवलं असतं, पण गप्प राहणाऱ्या माणसाला कसं हरवायचं?

मग एक दिवस तुझा फोन. "मंगे, काटेवाडीच्या ज्योतीनं सिनेमा काढलाय. रविवारी येतीस का बघायला?" ज्योती म्हणजे नवरीचा मेकअप करणारी ती ब्युटी पार्लरवाली, एवढंच मला माहीत होतं. माझी सभा होती. मी म्हणाले, पुढच्या रविवारी. त्या रविवारी आणखी एक सभा. तिसऱ्या रविवारच्या आधी, गुरुवारी, दुकानातच तुझ्या छातीत कळ आली आणि तू गेलास.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, सगळे तुझ्या आठवणी सांगत होते तेव्हा, मी बोलायला उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसता नमस्कार करून खाली बसले. तेव्हा आपल्या आळीतल्या हौसाकाकू उठल्या. त्यांना बोलायची सवय नाही, पदराचं टोक पिळत बोलल्या.

"माझी सून तापानं फणफणली व्हती. एक बाबा आला. म्हणला, बाधा हाय. लिंबू कापलं, तर लालभडक रगत! सगळी पाया पडाय लागली. पर मला बबनतात्याचा त्यो लिंबाचा सिनेमा ठावं व्हता. तात्या मोबाईलमधी म्हणला व्हता, रगत लिंबात नसतंय, चाकूला लावल्यालं असतंय. मी म्हणलं, बाबा, दुसरं लिंबू कापा, पर चाकू माझ्या घरातला घ्या."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय! बाबाला एकदम दुसऱ्या गावचं काम आठवलं."

सगळे हसले. तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं हसली, दादा! तुला आवडलं असतं. सुनेला दवाखान्यात नेलं, टायफॉइड निघाला, त्या दिवशी ती तिथंच लेकरू घेऊन बसली होती. आणि मी खाली मान घालून विचार करत होते, की माझी वीस वर्षांची भाषणं ऐकून कुणी चाकू बदलायला सांगितला असेल का? मी लोकांना सांगत आले, घाबरू नका. तू सांगत होतास, घाबरा, पण दोरी कुठं आहे ते बघा.

शेवटच्या पानावर तुझं अक्षर आहे. सिनेमाचं नाव: "कडबाकुट्टी". दिग्दर्शन, मेकअप, स्वयंपाक: ज्योती. खाली परीक्षण: "भुताचं तोंड दाखवलंच न्हाय. त्यामुळं खर्च वाचला आन् भ्या वाढलं. म्हस चांगलं काम करती." आणि रकान्यात आकडा नाही. तिथं लिहिलंय: "आपण आकडा देणं बरं न्हवं. मंगीला इचारणे."

का बरं नव्हे? मला कळेना. म्हणून काल काटेवाडीला गेले. ज्योतीनं मंगल कार्यालयाच्या हॉलला पडदे लावले, दुपारी तीन वाजता, शेजारच्या बायका गोळा केल्या. मला पुढची खुर्ची दिली. म्हणाली, "ताई, आवडला न्हाय तर भाषणात घेऊ नका हां." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सिनेमा चाळीस मिनिटांचा. मोबाईलवर काढलेला. गोठा तिच्या दिराचा. लाईट गेलेली असताना वैरण कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र आपोआप चालू होतं, एवढीच गोष्ट. मी दोरी शोधत बसले होते, तुझ्यासारखी. सापडलीही, एका ठिकाणी. आणि मग शेवटाला त्या घरातली सून वैरणीचा भारा घेऊन उसाच्या वाटेनं निघते. दिवस मावळतोय. मागं यंत्र थांबतं. सगळं शांत. आणि उसातून आवाज येतो:

"थांब गं. सोबत येतो."

सगळा हॉल किंचाळला. एक बाई शेजारणीच्या मांडीवर पडली. आणि मी, दादा, मी "ये" म्हणाले. मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकलं.

कारण तो तुझा आवाज होता.

ज्योतीनं घाईघाईनं लाईट लावली. "ताई, तुमाला सांगायला पायजे व्हतं. तात्यांनी आवाज दिला हाय. मी म्हणलं, काय पण भ्या वाटंल असं बोला. तर म्हणले, ह्याच्यापेक्षा भ्या वाटणारं मला येत न्हाय. माझी भन ह्यावर लई चिडायची."

दादा, भूत नसतं. मी कालही हे म्हणत होते, आज म्हणते, उद्याही म्हणेन. तो आवाज मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलेला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. ही माझी दोरी. ती मला दिसते. तरी संध्याकाळी फाट्यावर एसटीतून उतरले आणि त्या वाटेच्या तोंडाशी पाय थांबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं. बांध रिकामा होता. पाच मिनिटं उभी होते. हौसाकाकू शेळ्या घेऊन आल्या, म्हणाल्या, "का गं थांबलीस?" मी म्हणाले, "सोबत हवी होती." हे शब्द माझ्या तोंडून निघालेले ऐकायला तू हवा होतास!

तर ऐक. बारामतीच्या त्याच सभागृहात पुढच्या महिन्यात माझं भाषण आहे. तिथं उभी राहून मी सांगणार आहे, की माझा भाऊ बरोबर होता आणि मी सिनेमा न बघता बोलले होते. टाळी पडो न पडो. मग पडदे लावायला सांगेन आणि ज्योतीचा सिनेमा दाखवेन, शेवटपर्यंत. आणि तुझी वही मी पुढं चालवेन. तुझ्याइतकं हसवता येणार नाही, पण दोरी हलवणाऱ्याचे आभार मानायला मी विसरणार नाही.

स्वतःच्याच आवाजाला आकडा कसा द्यायचा, म्हणून तू रिकामा सोडलेला रकाना मी आत्ताच भरला. हॉलमधल्या बायका म्हणत होत्या, तीन द्या ताई, तीन! पण तू मला विचारलं होतंस, त्यांना नाही. मी लिहिलंय, एक.

एवढ्यानं भागलं असतं, दादा. वीस पावलं मागून आला असतास तरी.

तुझी,
मंगी