मासे खाल्ले आणि पंप घेतला

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय साडूबंधू यशपालराव यांना प्रदीपचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही नागपूरच्या ट्रेनिंगात मजेत असाल. (असणारच. तुमचं कधी काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही.) तिथलं पाणी तुम्हाला मानवलं का, असं साक्षी विचारते आहे, मीही विचारतो आहे असं समजा. गेल्या रविवारचा प्रकार तुमच्या बुद्धप्रियाने तुम्हाला फोनवर हसत हसत सांगितला असेलच. आता खरं काय झालं ते ऐका. फोनवर तुम्ही मध्ये बोलता, म्हणून पत्र.

सुरुवात तुमच्या मिक्सरपासून करावी लागेल. सात रस्त्याच्या हॉटेलात आपण सगळे जेवायला जमलो की तुम्ही बिलाकडे न बघता त्यात कार्ड ठेवता (ते न बघणं तर मला फार लागतं), आणि आम्ही घरी पोचायच्या आत प्रत्येकाच्या फोनवर आपापली वाटणी येते. मी ती दर वेळी लगेच दिली आहे. म्हणजे जेवणार आम्ही, पैसे आमचे, कार्डावरचे बक्षिसाचे पॉइंट तेवढे तुमचे, आणि त्या पॉइंटांचा मिक्सर सासूबाईंच्या ओट्यावर! परवा त्यांनी शेंगाचटणीचा डबा भरून दिला आणि वर म्हणाल्या, "आमच्या यशपालच्या मिक्सरात लई झ्याक होतीया बघा." चटणी चांगली होती, नाही म्हणत नाही. पण त्या मिक्सरात माझे निदान दोन शिककबाब फिरताहेत, हे त्या घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

स्पष्टच लिहितो, मी जळतो. सहा वर्षं त्या घरात मी एकटा जावई होतो. माझी आई लवकर गेली, त्यामुळे सासूबाई "प्रदीप, आजून एक भाकरी घ्या की" म्हणाल्या की तुडुंब पोटातही जागा व्हायची. आता ती भाकरी आधी तुमच्या ताटात पडते.

म्हणून मीही कार्ड घेतलं. वार्षिक फी नाही, हॉटेलात खाल्लं की शंभराला पाच पॉइंट, इतर खरेदीला एक. ऐकायला छान वाटतं. पण मी खातो कुठे? चिंचोळीच्या आमच्या कंपनीत कँटीनला कुपन चालतं आणि गेटवरचा चहावाला फोनवर पैसे घेतो. शिवाय एक पॉइंट म्हणजे चार आणे. एकट्याने जेवून मिक्सर मिळवायचा म्हटलं तर मिक्सर येईपर्यंत दात राहणार नाहीत. तेव्हा माणसं जमवून खाऊ घालणं आलं. तुम्ही गावात नसाल तोच रविवार मी मुद्दाम धरला आणि सासरे, सासूबाई, बुद्धप्रिया, पोरंबाळं अशी सगळी वरात घेऊन उजनीच्या काठावर धोंडीरामच्या खानावळीत चिलापी खायला गेलो. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, कार्डाचं मशीन आहे का. तो म्हणाला, "हाय की!"

मासे उत्तम होते. सासूबाईंनी स्वतःहून दुसऱ्यांदा रस्सा मागितला, तेव्हा मला इतका आनंद झाला की सासऱ्यांनी खिशात घातलेला हात मी धरून ठेवला. वाटणी कुणाकडूनही घेतली नाही (हे कृपया लक्षात घ्यावे). मीही बिलाकडे न बघता कार्ड दिलं. तेवढ्यात मेसेज आला. माझा चष्मा गाडीत, म्हणून साक्षीने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, आणि तिनेच विचारलं, "अहो, तुम्ही मोटारपंपाच्या दुकानात एवढे पैसे कशाला दिले?"

धोंडीराम शांतपणे म्हणाला, "मशीन थोरल्या भावाच्या दुकानाचं हाय. पैसं बरोबर येत्यात, तुमी काळजी करू नगा." त्याची काळजी मिटली. मी तिथूनच कार्डाच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की पंप हे जेवण धरता येत नाही. रस्सा कसा होता ते मी त्यांना सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. परतीच्या वाटेवर सासरे दर दहा मिनिटांनी विचारत होते, "प्रदीपराव, किती हॉर्सपॉवरचा घेतला?" तेही चाललं असतं. पण सासूबाई म्हणाल्या, "यशपाल असता तर आधी मशीन बघितलं असतं."

असो. तब्येतीला जपा. सावकाश परत या, घाई करू नका.

आपला,
प्रदीप

ता. क. : कार्ड घेताना तुमची शिफारशीची लिंक वापरली असती तर मला सुरुवातीचे जादा पॉइंट मिळाले असते. पण शिफारस करणाऱ्यालाही पॉइंट मिळतात असं कळलं, म्हणून मी माझे सोडून दिले.

दुसरा ता. क. : साक्षीने पत्र वाचलं. ती म्हणते, असला येडेपणा पुरे. तिच्या नावाने कार्ड घ्यायचं आणि तुमच्याच लिंकवरून. तेव्हा लिंक पाठवा. तुम्हाला पॉइंट मिळतील, मिळू देत. फक्त एक विनंती आहे. त्यातून सासूबाईंना काही घेऊ नका. स्वतःला घ्या, बुद्धप्रियाला घ्या, अगदीच राहवलं नाही तर मला घ्या.