धरून ठेवा

१४ जून

प्रिय चिमीस,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे, तिथेही तसंच असेल असं समजते.

यापुढे 'पत्रास कारण की' असं लिहिलं आणि पेन अडलं. आई गेली तेव्हा आपण दोघी चार वाक्यं बोललो होतो आणि त्यातली तीन जेवणाची होती. त्यालाही आता सात वर्षं झाली. तेव्हा कारण राहू दे, सरळ बातमीच सांगते. हल्ली मी दर रविवारी सकाळी बंदूक चालवते.

तुझी भाची रविवारी अकरा वाजता कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. चौघांनी मिळून खेळायचा असतो. एक शहर ओस पडलेलं आहे, माणसं मेली आहेत आणि मेल्यावर उठून पुन्हा हिंडायला लागली आहेत. पोरं त्यांना झॉम्बी म्हणतात, मी मढी म्हणते. या मढ्यांमधून वाट काढत चौघांनी शहराच्या एका टोकापासून बंदरापर्यंत पोचायचं, तिथे एक बोट उभी असते. चौघं आपापल्या घरी बसलेली असतात, पण कानाला हेडफोन लावला की शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. यांच्यातली चौथी मुलगी फेब्रुवारीत बाळंतपणाला गेली. चौथं माणूस नसेल तर कॉम्प्युटर आपल्यातला एक देतो, आणि तो अगदीच दगड. भिंतीला नाक लावून उभा राहतो. मग तुझी भाची मला म्हणाली, "आई, तू नुसती उभी राहिलीस तरी चालेल." म्हणजे तुझ्या बहिणीची नेमणूक दगडाच्या जागी झाली. माझ्यासाठी दिवाणखान्यात दुसरा कॉम्प्युटर मांडून दिला.

पहिल्या रविवारी मी पोटच्या मुलीला पाठीत तीन गोळ्या घातल्या. तिने ते अजून सोडलेलं नाही.

बाकीचे दोघं म्हणजे एक बेकरीवाला आणि एक बाई. ती बाई गाडी चालवायला शिकवते, म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. मागून मढं आलं की ती ओरडते, "आरसा बघा." आणि खरंच सगळ्यांच्या माना वळतात. एक झुंड मारून झाली की बेकरीवाला म्हणतो, "ट्रे निघाला." तुझी भाची दातांच्या कवळ्या बनवते, तिला मढ्यांची भीती वाटत नाही, त्यांच्या दातांचा राग येतो. म्हणते, साचा चुकलाय, या दातांनी पाव तुटायचा नाही.

चिमे, ते शहर तू एकदा बघायला हवंस. दोरीवर कपडे तसेच वाळत आहेत आणि वाऱ्याने हलतात. न्हाव्याच्या दुकानात खुर्ची अर्धी वळलेली आहे. पुलावरून गेलं की नदीवर ऊन पडलेलं दिसतं. मी पहिल्यांदा तिथे थांबून बघतच राहिले. बेकरीवाला माझ्याभोवती गोळ्या झाडत म्हणाला, "काकू, देखावा नंतर." कुणीतरी बसून ते ऊन हाताने तिथे आणून ठेवलं असेल, या विचाराने मला दिवसभर काही सुचलं नाही.

पण मी थक्क झाले ते वेगळ्याच गोष्टीने. या गेममध्ये माणूस पडला की आपलं आपण उठू शकत नाही. दुसऱ्याने येऊन, गुडघा टेकून, त्याला उचलावं लागतं. सहा सेकंद लागतात. त्या सहा सेकंदांत उचलणाऱ्याला गोळी झाडता येत नाही, त्याची पाठ उघडी असते. आणि तरी ही माणसं येतात. जीव मुठीत धरून पळत असताना मागे वळतात आणि येतात. एकमेकांना यांनी पाहिलेलंही नाही. मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढली, बरंच काही ऐकलं, पण हे बघून माझ्या अंगावर काटा येतो.

कानाला हेडफोन लागला की माझं तोंड जुन्या सवयीने चालतं. बेकरीवाला एकदा जिन्यात पडला, मी पार पलीकडे होते. तोंडातून निघून गेलं, "धरून ठेवा, येते." मग वाटेत मधूनमधून, "अजून धरलंय ना? आलेच." तुला आठवत असेल, आमच्या बोर्डावरच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तो नियम शिकवला होता. धरून ठेवा म्हटलं की तीस सेकंदांच्या आत लाइनवर परत यायचं आणि विचारायचं, अजून धरलंय ना. पलीकडचा माणूस अंधारात बसलेला असतो, आवाज आला नाही तर त्याला वाटतं आपल्याला सोडून गेले. मी उचलल्यावर बेकरीवाला म्हणाला, "काकू, तुम्ही मरायलासुद्धा वेळ देत नाही." तेव्हापासून माझं नाव ऑपरेटर पडलं, आणि आता कुणीही पडलं की बाकीचे तेच म्हणतात, धरून ठेवा.

बोट मात्र आम्हाला अजून मिळालेली नाही. बाजारात तीन गल्ल्या आहेत आणि आम्ही चौघंही दिशेच्या बाबतीत शहाणेच. दर रविवारी हमखास चुकतो. तेव्हा मला तुझी आठवण येते. तू जन्मभर नकाशे काढतेस. लहानपणी तू आपल्या दोन खोल्यांच्या घराचासुद्धा नकाशा काढला होतास आणि आईला विचारलं होतंस की उत्तर कुठे.

त्या दिवशीचं म्हणशील तर बोर्डावर फार गर्दी होती, ते तुला माहीतच आहे. असो.

प्रकृतीला जप.

तुझी ताई

२६ जुलै

प्रिय चिमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, नकाशावर गावांची नावं लिहावीत तसं सरळ. एकच ओळ आहे: 'गेम छान वाटतो. बोर्डावर खरंच गर्दी होती का?'

हे कार्ड मी तीन आठवडे साखरेच्या डब्यामागे ठेवलं. रोज चहा करताना ते दिसायचं आणि रोज मी मनात उत्तर लिहायचे: हो, होती. एवढी तीन अक्षरं लिहून पोस्टात टाकली असती तर विषय संपला असता. पाकीटसुद्धा आणून ठेवलं होतं.

गेल्या रविवारी काय झालं ते आधी सांगते.

आम्ही बाजारातून चक्क न चुकता बाहेर पडलो. एक तास चाळीस मिनिटं झाली होती. समोर बंदर, धक्क्याला बोट, बोटीवर दिवा. चार महिन्यांत पहिल्यांदा ती बोट मी डोळ्यांनी बघत होते. तिघं पुढे धावली. मी मागे राहिले, माझी बोटं अजून त्यांच्याइतकी चालत नाहीत. मासळीच्या शेडपाशी दोन मढ्यांनी मला गाठलं आणि मी पडले. तिघं तोवर बोटीवर चढली होती. बोट सुटायला दीड मिनिट होतं. बोटीवर जे असतात ते वाचतात, गेम जिंकल्याचं धरतात. मी म्हटलं, "निघा तुम्ही. मी पडले तर पडले."

मग फळ्यांवर पावलं ऐकू आली. बेकरीवाला म्हणाला, "ऑपरेटर, धरून ठेवा."

मी जमिनीवर पडून आकाश बघत होते. तिथलं आकाशसुद्धा कुणीतरी फार मन लावून केलंय. मढ्यांचा गलका वाढत होता. जरा वेळाने मास्तरीणबाईंचा आवाज आला, "अजून धरलंय ना? आलेच." मी मनातल्या मनात मोजत होते, बरोबर तीस सेकंद झाले होते. चिमे, एकतीस वर्षं मी ते वाक्य लोकांना म्हटलं. मला कुणी म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हेडफोनला माईक असतो, तो मी मुठीत दाबून धरला.

बेकरीवाला वाटेत पडला, तुझ्या भाचीने त्याला उचललं, मग ती पडली. मास्तरीणबाई माझ्यापर्यंत पोचल्या. गुडघा टेकला. चौथ्या सेकंदाला मागून झुंड आली आणि सगळं आटोपलं. बोट रिकामी सुटली. पडदा काळा झाला.

आता बोलणी बसणार असं मला वाटलं. माझ्यामुळे तिघांची दीड तासाची मेहनत पाण्यात गेली होती. तुझी भाची म्हणाली, "कुठे चुकलं?" बेकरीवाला म्हणाला, "शेडला डावीकडून जायला हवं होतं." मास्तरीणबाई म्हणाल्या, "आरसा कुणीच बघितला नाही." आणि तिघं हसायला लागली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्ही परत का आलात? बोट होती ना हाताशी."

मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं बेकरीवाला म्हणाला, "काकू, तुम्ही पडला होतात ना."

एवढंच. याच्यापुढे त्याला काही कारण सांगायचं नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

चिमे, बोर्डावर गर्दी नव्हती.

दुपारचे तीन चाळीस झाले होते. बोर्डावर दोनच दिवे लागले होते, म्हणजे दोनच कॉल. एक धुलाईखात्याचा, त्यांना भांडार हवं होतं, तो मी लगेच जोडून दिला. दुसरा तुझा. तू म्हणालीस, "ताई, मी घर सोडलंय. बस स्टँडच्या कँटीनमधून बोलतेय. पिशवी बरोबर आहे. तुझ्याकडे येऊ का?" मी म्हटलं, "धरून ठेव." आणि तुझा दिवा लुकलुकायला लागला. मी हात मांडीवर ठेवले आणि दिव्याकडे बघत बसले. अकरा मिनिटं. घड्याळ बोर्डाच्या वरच होतं, त्यामुळे अंदाजाने सांगत नाही. तीस सेकंदांचा नियम मी नोकरीत कधी मोडला नाही. त्या दिवशी लागोपाठ बावीस वेळा मोडला. तू अकरा मिनिटं त्या फोनच्या डब्यात नाणी टाकत राहिली असशील. मग दिवा विझला. मी शेजारच्या ऑपरेटरकडे पाणी मागितलं आणि पुढचा कॉल घेतला.

यांनी सकाळीच बजावलं होतं की तुझ्या बहिणीचं लफडं आपल्या दारात नको. हे यांच्यावर ढकलणं सोपं आहे, ते आता उत्तर द्यायला नाहीत. पण खरं सांगायचं तर मी यांच्याशी भांडू शकले असते. त्याआधी भांडून जिंकलेही होते. मला तुझ्या संकटांचा कंटाळा आला होता, चिमे. तू यायचीस, रडायचीस, परत त्याच घरी जायचीस, आणि मला वाटलं हेही तसंच. या वेळी तू खरंच निघाली होतीस. तुझा आवाज वेगळा होता. आवाज ओळखणं हाच माझा धंदा होता, आणि मी तो ओळखला होता.

ती रात्र तू स्टँडच्या बाकावर काढलीस हे मला आईकडून कळलं. आईलाही मी गर्दीचंच सांगितलं. नंतर तू तुझी नोकरी उभी केलीस, घर उभं केलंस, कुणाच्याही हाताशिवाय उठलीस. त्या गेममध्ये असं करता येत नाही. तू ते केलंस. याचं मला इतकी वर्षं मनातून आश्चर्य वाटत आलंय, आणि तुझ्यासमोर तोंड उघडायची लाज वाटत आलीय.

रविवारी संध्याकाळी मी हे सगळं तुझ्या भाचीला सांगायला बसले. तिने अर्ध्यातच थांबवलं. म्हणाली, "आई, हे मला नको सांगू. मावशीला सांग." आणि कपाटातून लिहायचे कागद काढून समोर ठेवले. लेक शहाणी आहे, तुझ्यावर गेलीय.

आता एक विचारते. मास्तरीणबाईंच्या मनगटाचं ऑपरेशन आहे, त्या दोन महिने नाहीत. चौथी जागा रिकामी आहे. तुझी भाची म्हणते मावशी तिच्या घरून खेळू शकेल, कसं सुरू करायचं ते ती फोनवर सांगेल. तिचा नंबर खाली देते, म्हणजे माझ्याशी बोलायची सक्ती नाही. त्या तीन गल्ल्यांतून आम्हाला बाहेर काढणारं कुणीतरी हवंच आहे. पण ते निमित्त, तू ते ओळखलं असशीलच.

नाही आलीस तरी मला समजेल. त्या दगडाला आम्ही तुझ्या जागेवर उभं करू आणि मी रविवारी अकराला कानाला हेडफोन लावून बसेन. तुझा दिवा लागलाच, तर या वेळी हात मांडीवर नसतील.

लाइनवर परत यायला मला एकोणीस वर्षं लागली. नियमाप्रमाणे आल्याबरोबर आधी एक विचारायचं असतं. ते विचारते आणि थांबते.

अजून धरलंय ना?

तुझी
ताई