पंचाहत्तर फूट

१२ मे १९७३, शनिवार
आलो पुन्हा! मिलवॉकीहून पाच तास, मांडीवर खिळ्यांचा डबा. दार उघडलं तर उंदरांच्या लेंड्या – गादीवर, पिठात, माझ्या चांगल्या पातेल्यातसुद्धा. हिवाळाभर चैन केली मेल्यांनी. व्हर्न दारात उभा राहून छाती भरभरून श्वास घेतोय. म्हणे काय हवा आहे, लोर्ना! हवेला संडासाच्या खड्ड्याचा वास आहे. तो भरत आलाय, पण हे माझ्याच नाकाला कळतं.

तळ्याकाठी ही केबिन बांधतोय, त्याचा हा तिसरा उन्हाळा. आमच्या गल्लीतल्या बायका शनिवारी केस सेट करून घेतात. मी छपरावर चढून डांबरी कागद अंथरते.

१३ मे
मासेमारी कालपासून खुली झाली, म्हणून नॉर्बर्ट आला. हा माझा दीर. येताना ब्रँडी आणतो, हातोडी कधीच आणत नाही. मासा साफ केला तो माझ्या भाजीच्या फळीवर, आणि आतडी तिथेच सोडून झोपला. शी!

२६ मे
गोचिड्या – सात. एक कानामागे. आज आणखी काही लिहिणार नाही.

७ जुलै
डास, डास, डास. कॉफीतसुद्धा.

तळं चढलंय. दोन वर्षं आटलेलं होतं, तेव्हा काठ कसा दूर वाटायचा. आता लव्हाळ्यांपर्यंत पाणी आहे. पलीकडचा टोइवो, म्हातारा फिनिश सुतार, होडीतून आला आणि पाण्यापासून आमच्या केबिनपर्यंत पावलं टाकत गेला. मग व्हर्नला विचारलं, कधी मोजलं होतंस? व्हर्न म्हणाला, जागा घेतली तेव्हाच, फेब्रुवारीत. काठापासून पंचाहत्तर फूट, पाइनच्या झाडावर लाल खूणही केली होती.

"फेब्रुवारीत?" टोइवोने पाइप तोंडातून काढला. "अरे बाबा, दोन फूट बर्फाखाली काठ कुठला आणि तळं कुठलं, हे इथे जन्मलेल्यालाही कळत नाही. तू तळ्यातून मोजलंस."

मला हसूच फुटलं. ज्याला पाणी कुठे आहे ते कळत नाही, तो निघालाय पाण्याकाठी घर बांधायला!

२१ जुलै
शेवटच्या तपासणीला काउंटीचा, म्हणजे जिल्हा कचेरीचा, माणूस आला. स्वच्छ बूट, वहीत बारीक अक्षर. चौसष्ट फूट भरले. नियम असा की घर पाण्यापासून पंचाहत्तर फूट हवं. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आत अकरा फूट मागे न्या, नाहीतर पाडा.

व्हर्नचा चेहरा पार उतरला. तीन उन्हाळे एकेक फळी त्याने स्वतः तासली आहे. आणि मला? मला आनंद झाला. इथे कोण वाचणार आहे, लिहूनच टाकते. पडू दे एकदाची! उंदीर, गोचिड्या, तो खड्डा, सगळ्यातून सुटेन. परतताना पाच तास त्याला ऐकवत आले – आंधळा, उतावळा, कुणाचं ऐकायला नको. त्याने गाडी चालवली, बस.

३ ऑगस्ट, शुक्रवार
वाटेत गुत्त्यात तळलेला मासा खाल्ला, दर शुक्रवारसारखा. तेल जुनं होतं. नॉर्बर्टने गावभर केलंच आहे. कोणीतरी ओरडलं, व्हर्नला बारचा काठ दाखवा रे, नाहीतर बियरमध्ये बसेल! सगळे खिदळले. मीसुद्धा, सगळ्यांत मोठ्याने.

व्हर्नही हसला. मग म्हणाला, "चूक माझीच. एकटाच होतो त्या दिवशी. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं."

मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

१ सप्टेंबर
केबिन उचलायला टोइवोचे चार जॅक, खालून सरकवायला सोललेले ओंडके, आसपासची आठ माणसं. सकाळपासून केबिन इंचाइंचाने मागे सरकते आहे. नॉर्बर्ट खुर्चीत बसून सूचना देतोय. बटाट्याच्या सॅलडमध्ये मुंग्या, सॉसेजवर माश्या. व्हर्नचं नख काळं पडलंय. साठीला आलाय, पण वाकून वाकून ओंडके पुढे लावतोय. मला त्याच्याकडे बघवत नाही. आज किळस आली ती डासांची नाही, माझी.

२ सप्टेंबर
अकरा फूट झाले. चिमणीला तडा गेला, तरी उभी आहे.

३ सप्टेंबर, लेबर डे
त्या फेब्रुवारीत टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. बुटाखाली लव्हाळे कडकडा मोडले होते, आणि मला कळलं होतं, मी तळ्यात उभी आहे. व्हर्न पाइनपासून ओरडला, काठावर आहेस ना? बोटं बधिर झाली होती, गाडीत जाऊन बसायचं होतं. म्हटलं, हो.

आज पायरीवर त्याला सगळं सांगितलं. तो नख चोखत बसला होता. म्हणाला, "ठाऊक आहे. लव्हाळे मोडलेले पाइनपाशी मलाही ऐकू आले होते. थंडी होती गं फार."