हेडर तडकला त्याचे कारण आणि माझी मालमत्ता

मी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा वेल्डिंग, गाड्यांच्या दुनियेत ‘आत्या’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, मीही विचारले नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्याला आणायची हौस असेल त्याने आणून पाहावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. वर्कशॉपच्या वरचे राहते घर मुलगा आणि सून यांच्या नावे समाईक राहील. स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण लागत नाही, ती दुरुस्त करू नये. खाली कोण आले ते तिच्यातूनच ऐकू येते.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी आहे. तिला वेल्डिंग शिकावेसे वाटल्यास तेही शिक्षणच धरावे.

३. यजमान गेल्यावर “बाईमाणसाने वेल्डिंगचा टॉर्च हातात धरायचा म्हणजे हसं होईल,” असे चारचौघांत म्हणणाऱ्या माझ्या दिरांना मी माझी वेल्डिंगची जुनी काळी काच देत आहे. माझे काम त्यांना कधी बघवले नाही, आता काचेआडून बघावे.

४. टिग वेल्डिंगचे मशीन, त्याला लागणाऱ्या आर्गॉन वायूचा सिलिंडर, माझे हातमोजे आणि पाइप कापायची करवत सुनेला. मुलाला यातले काही हवे असल्यास तिला विचारून घ्यावे आणि जिथल्या तिथे ठेवावे. लग्न होऊन आली तेव्हा ठिणगी उडाली की ती डोळे मिटायची. आज तिचा जोड बघितला की मला माझे जुने जोड लपवावेसे वाटतात. हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही, कारण स्तुती ऐकून तिचा हात हलला असता तर? ही माझी समजूत असावी, पण आता लिहिले आहे.

५. आता वर्कशॉप. खरा गुंता इथे आहे.

आम्ही शर्यतीच्या गाड्यांचे स्टेनलेसचे हेडर बनवतो. हेडर म्हणजे इंजिनातून निघणारा तापलेला धूर गोळा करणाऱ्या नळ्या. त्यांच्या टोकाला टर्बो बसतो. त्याच धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मागच्या मोसमात एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवलेला आमचा हेडर शेवटच्या फेरीत तडकला. गाडीचा मालक तावातावाने आला, आणि सगळ्या मेकॅनिकांसमोर माझा मुलगा म्हणाला, “वेल्ड माझा नाही.”

एवढेच. सून तिथेच उभी होती, हातात पाना होता. तिने पाना खाली ठेवला. आता ती दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करते, आणि दोघे एका टेबलावर जेवताना मीठ मागण्यापुरते बोलतात. टर्बोच्या कामाला पुन्हा हात लावणार नाही, असे तिने मला सांगितले. तिच्यावाचून हे वर्कशॉप म्हणजे नुसते शटर आहे.

चिरंजीवांनी मग तो तडा स्वतः भरला. वर जाड वेल्ड चढवला. जाड म्हणजे पक्का, हा या धंद्यातला जुना भ्रम. चाचणीत पुन्हा तडा गेला, त्या जाड वेल्डच्या कडेला. त्याने आणखी जाड केला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी तो हेडर मी मागितला आणि करवतीने उभा चिरला.

सुनेने घातलेले जोड आतून चांदीसारखे स्वच्छ होते. वेल्ड करताना नळीत आर्गॉन सोडला नाही तर जोडाच्या पोटात काळे दाणे धरतात. इथे एकही नव्हता. तडा जोडात नव्हताच, तो शेजारी नळीच्या अंगात होता. कारण साधे आहे. स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढते, आणि उष्णता पुढे पोचवण्यात आळशी असते. त्यामुळे एक नळी लालबुंद आणि शेजारची त्या मानाने गार. प्रत्येकीला आपापल्या मापाने लांब व्हायचे असते, पण दोन्ही टोके नटांनी आवळलेली. वर पाच-सात किलोचा टर्बो लोंबकळत, थरथरत असतो. म्हणून टर्बोला खालून इंजिनाचा टेकू द्यायचा असतो, आणि त्या टेकूच्या पट्टीची भोके लांबट ठेवायची असतात, म्हणजे वजन पेलले जाते आणि धातूला सरकायला जागाही राहते. त्या गाडीत तो टेकू नव्हता. तेलाच्या पाइपला हात पोचत नाही म्हणून मुलाने तो शर्यतीच्या सकाळी काढला होता. बाकाखालच्या डब्यात तो मला सापडला.

सबब, वर्कशॉप दोघांना निम्मे निम्मे, पण एका अटीवर: जिथे चारचौघांत तो शब्द बोलला, तिथल्याच चार माणसांसमोर मुलाने तो परत घ्यावा. माझ्या पश्चात वर्षभरात हे झाले नाही, तर वर्कशॉप विकून टाकावे. माझ्या मुलाचा हात बरा आहे, मनही बरे आहे. फक्त चूक गिळायला त्याला पाणी फार लागते.

इथवर लिहून झाल्यावर मी वकीलबाईंना विचारले, “हे मेल्यावरच वाचायचं असा कायदा आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही.” मग कशाला थांबायचे? आज साक्षीदारांना बोलावले तेव्हा मुलाला आणि सुनेलाही बसवले आणि सगळे वाचून दाखवले.

पाचवे कलम संपले. मुलगा उठून थेट साक्षीदार म्हणून आलेल्या टायरवाल्या काकांसमोर गेला. तेही त्या दिवशी शर्यतीला होते.

“काका, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. वेल्ड चांगला होता. टेकू मी काढला होता.”

काका म्हणाले, “मला काय सांगतोस? तिला सांग.”

तो वळला. सून भिंतीकडे बघत होती. “बाकीच्यांना पण सांगशील?” तिने विचारले.

“सगळ्यांना. उद्याच.”

“मग नवा टेकू बनव. आणि भोकं लांबट ठेव, मागच्यासारखी गोल नकोत.”

“तू येणार बघायला?”

“बघायला कशाला? हेडरचे जोड काय तू घालणार आहेस?”

मला रडू आले, ते इथे लिहून ठेवते.

सबब कलम ५ मधील अट, “पण एका अटीवर” पासून “विकून टाकावे” पर्यंत, मी स्वतः रेघ मारून खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. वर्कशॉप दोघांचे, बिनशर्त. खोडलेले मुद्दाम वाचता येईल असे ठेवले आहे.

साक्षीदार:
१. शेजारचे टायरवाले काका (सही)
२. आमचा लेथवाला (सही, हात तेलकट असल्याने डाग पडला आहे, तो ग्राह्य धरावा)

ठिकाण: वर्कशॉपची मागची खोली
दिनांक: आजचा, साप्ताहिक सुट्टीचा सोमवार

सही: आत्या

ता. क. मरण्याचा बेत तूर्तास पुढे ढकलला आहे. मी वर स्वयंपाकघरात येऊन बसले आहे; खाली ग्राइंडर सुरू झाला आहे, आणि खिडकीतून दोघांचेही आवाज येत आहेत.